बोलता न येणारा पेशंट वॉर्डात का पडतो?

पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली किंवा अडखळली, असे रुग्ण हॉस्पिटलात असतानाच पडल्याची बरीच पत्रं आली. त्यातली सात इथे घेतली आहेत. उत्तरं वाचा-उपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि न्यूरो वॉर्डातल्या परिचारिका यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : वडिलांना (वय ६८) पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. अ‍ॅडमिट केल्याच्या पाचव्या रात्री ते पलंगाजवळ पडले. रेलिंग वर होतं, बेल होती, मी खाली सतरंजीवर झोपले होते. सिस्टर म्हणाल्या, "त्यांना सांगितलं होतं, एकटे उठू नका." मग ते उठले कशाला? मी झोपायला नको होतं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही झोपलात यात तुमची चूक नाही. पाच रात्री कोणीही जागू शकत नाही.

ते उठले कशाला, याचं उत्तर बहुतेक वेळा लघवी किंवा संडास हेच असतं. बोलता येणारा माणूस हाक मारतो. ज्याला हाक मारता येत नाही तो थोडा वेळ वाट पाहतो, चादर ओढतो, लुंगीशी चाळा करतो आणि कोणी आलं नाही की उठतो. आयुष्यभर अंथरूण ओलं न केलेल्या माणसाला ती लाज पडण्याच्या भीतीहून मोठी वाटते. म्हणून त्याने पाय रेलिंगवर टाकला की तो काहीतरी मागतोय असंच समजायचं, त्रास देतोय असं नाही.

आता "सांगितलं होतं" याविषयी. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या अर्ध्या भागात चालतं आणि तोच भाग शरीराची उजवी बाजू हलवतो. म्हणून उजवा हात-पाय आणि वाचा अनेकदा एकदमच जातात. झटका आलेल्या साधारण तीनांपैकी एकाला सुरुवातीला असा वाचाघात होतो. त्याचे प्रकार आहेत. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली पॅरिसमध्ये ज्या रुग्णाची नोंद केली, तो 'टॅन' या एका अक्षराशिवाय काही बोलू शकत नव्हता, पण त्याला समजत बरंच होतं. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये याच्या उलट प्रकार मांडला : बोलणं घडाघडा, पण त्याला अर्थ नाही आणि समोरच्याचं बोलणंही नीट पोचत नाही. दोन्ही प्रकारांत लांब आणि नकारार्थी वाक्यं समजायला जड जातात. 'एकटे उठू नका' यातलं 'उठू' पोचलं आणि 'नका' वाटेतच राहिलं, असं खरोखर होतं. त्याऐवजी त्यांचा डावा हात हातात घेऊन बेलवर ठेवा, दाबायला लावा, आणि बेल वाजल्यावर सिस्टर येतात हे त्यांना दिसू द्या. असं ओळीने तीनदा करा. झोपून उठल्यावर पुन्हा करा.

बेल होती, पण कुठे? वायर जिथवर पोचते तिथे ती अडकवलेली असते आणि ती बाजू बऱ्याचदा लुळ्या हाताची निघते. शिवाय अशा काही रुग्णांना उजव्या बाजूचं दिसतही नाही. बेल डाव्या हाताखाली, उशीच्या कडेला पिनेने पक्की हवी. जनरल वॉर्डात बेलच नसेल तर देव्हाऱ्यातली छोटी पितळी घंटी आणा आणि दोऱ्याने डाव्या बाजूच्या रेलिंगला बांधा. तुमची सतरंजीही त्याच बाजूला घाला, म्हणजे मान वळवली की तुम्ही त्यांना दिसाल.

रेलिंग वर होतं म्हणून पडणं टळत नाही. चारही बाजूंनी बंद केलेल्या पलंगावरून उतरायचं ठरवलेला माणूस रेलिंगवरून पाय टाकतो किंवा पायथ्याच्या फटीतून घसरत जातो. वरून पडला तर मारही जास्त लागतो. पलंग शेवटच्या खाचेपर्यंत खाली, चाकं लॉक, आणि धडक्या बाजूला डोक्याकडचं अर्धंच रेलिंग वर, हे बहुतेकांना सोयीचं जातं. तरी ते वॉर्डच्या सिस्टरांशी बोलून ठरवा.

सर्वात जास्त उपयोग होतो तो घड्याळाचा. दोन दिवस एका वहीत लघवी-संडासच्या वेळा लिहा. साधारण नमुना दिसायला लागतो : पहाटे ५ ते ६, नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने, रात्री १ ते २. रात्री ५०० मिलीची सलाईन चालू असेल तर एक वेळ वाढते. लघवीची गोळी दिली असेल तर तासाभरात घाई होते. प्रत्येक वेळेच्या अर्धा तास आधी तुम्हीच भांडं पुढे करा. दिवसा जागे असताना दर दोन तासांनी विचारा आणि विचारताना भांडं दाखवा.

मुलगी म्हणून वडिलांना बाथरूमला नेताना संकोच होतो आणि आपण दाराबाहेर थांबतो. पडण्याची मोठी जागा तीच. मांडीवर टॉवेल टाका, तोंड फिरवा, पण हाताच्या अंतरावर उभ्या राहा.

प्रश्न : आम्ही पडण्याचा धोका मोजायला मोर्स स्केल भरतो. वाचा गेलेल्या पेशंटचा स्कोअर ३५ येतो, 'मध्यम' लिहिलं जातं आणि नेमका तोच पडतो. कुठे चुकतं?
— स्टाफ नर्स, नागपूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. फॉर्ममध्ये सहा रकाने आहेत : आधी पडल्याची नोंद २५, दुसरा आजार १५, चालण्याचा आधार ०, १५ किंवा ३०, सलाईन २०, चाल ०, १० किंवा २०, मानसिक स्थिती ० किंवा १५. संवादाचा रकाना नाही. तुमचा पेशंट घ्या. बीपी आहे म्हणून १५, सलाईनचे २०. बेड रेस्टवर आहे म्हणून आधार ० आणि चालही ०. झाले ३५.

उरला शेवटचा रकाना. त्यात पेशंटला विचारायचं असतं, "बाथरूमला एकटे जाल की मदत लागेल?" आणि त्याचा अंदाज प्रत्यक्षाशी जुळतो का ते पाहायचं. वाचाघाताचा पेशंट मान हलवतो, आपण शून्य लिहितो. आमचं स्पष्ट मत आहे : उत्तराची खात्री नसेल तर तिथे शून्य लिहू नका, १५ लिहा. मग बेरीज ५० होते. अनेक ठिकाणी ४५ पासून धोका जास्त धरतात, म्हणजे हा पेशंट योग्य जागी जातो.

उत्तर खात्रीचं आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. सहा साधे प्रश्न विचारा, त्यातल्या तिघांचं उत्तर 'नाही' असलं पाहिजे. "आपण घरी आहोत का?" "हा चमचा आहे का?" (हातात पेन धरून.) त्याचं नाव चुकीचं घेऊन "तुम्ही अमुक का?" सहाही वेळा 'हो' आलं तर त्याच्या कुठल्याच 'हो'वर विसंबू नका. आपल्याकडे आणखी एक घोळ आहे : मान डोलावण्याचे अर्थ दहा. अंगठा वर-खाली, किंवा बरोबर आणि फुली काढलेली दोन कार्डं जास्त भरवशाची.

आणि हँडओव्हर. 'पेशंट बोलत नाही' एवढ्याने पुढच्या ड्यूटीला काही हाती लागत नाही. असं लिहा : "एका पायरीची सूचना समजते. हो-नाही खात्रीचं नाही. लघवी लागली की चादर ओढतो. बेल डाव्या हाताला, दाबता येते. शेवटची लघवी ७.४०." ड्यूटी बदलायच्या वीस मिनिटं आधी अशा पेशंटला भांडं देऊन घेतलं, तर हँडओव्हर चालू असताना सगळे टेबलापाशी असतात त्या वेळचं उठणं टळतं.

पहिल्यांदा उभं करण्याआधी झोपून आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत असं दोनदा बीपी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला चक्कर येणार, आणि "चक्कर येतेय" हे तो सांगू शकणार नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, रात्री झोपेची गोळी आणि बीपीच्या दोन गोळ्या एकत्र चालू असतील तर राऊंडला डॉक्टरांच्या नजरेला आणा.

प्रश्न : आई मालवणी बोलते. वॉर्डातल्या बऱ्याच सिस्टर केरळच्या आहेत, खूप प्रेमाने करतात, पण आईचे तुटके शब्द त्यांना कळत नाहीत. चित्रांचा तक्ता करावा म्हणतो. कसा करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तक्ता जरूर करा, पण त्याआधी शब्दांची एक चिठ्ठी करा. संडासला जायचं हे आपल्याकडे सरळ नावाने कोणी म्हणत नाही. कोणी 'परसाकडं' म्हणतं, कोणी 'मोरीत', कोणी 'दोन नंबर'. तुमची आई 'भायर' म्हणत असेल. वाचाघातात त्यातलं 'भा' एवढंच बाहेर पडलं की सिस्टरला वाटतं, घरी जायचं म्हणतात. कागदावर आईचे पाच-सहा शब्द लिहा, समोर हिंदीत आणि जमल्यास मल्याळममध्ये अर्थ लिहा. मल्याळम त्या सिस्टरच आनंदाने लिहून देतील. 'होया' म्हणजे हवं, 'दुखता' म्हणजे दुखतंय. चिठ्ठी पलंगाच्या डोक्याशी चिकटवा.

तक्ता ए-फोर आकाराच्या पुठ्ठ्यावर, चित्रं फक्त सहा. तीस चित्रांचे तयार तक्ते मिळतात, पण पहिल्या आठवड्यात ते पाहूनच रुग्ण दमतो. दोन उभ्या रांगा, प्रत्येक चौकोन साधारण ९ सेंटिमीटरचा : संडास-लघवी, पाणी, दुखतंय, कूस बदला, थंडी वाजते, सिस्टरला बोलवा. रेखाचित्रांपेक्षा मोबाइलवर काढलेले फोटो चांगले. त्याच वॉर्डातली कमोडची खुर्ची, आईचीच पाण्याची बाटली. अक्षरांवर भिस्त ठेवू नका, वाचाघातात वाचनही बिघडतं. उजवी बाजू गेली असेल तर संडासचा फोटो वर डावीकडे लावा, कारण उजवीकडचं कदाचित दिसत नसेल. लॅमिनेट करून घेतलात तर स्पिरिटने पुसता येतो. दोरीने धडक्या बाजूच्या रेलिंगला बांधा. पिशवीत राहिलेला तक्ता रात्री दोन वाजता कोणी शोधत नाही.

नुसता लावून चालत नाही. प्रत्येक वेळी भांडं देताना आधी आईचं बोट त्या फोटोवर ठेवा, मग भांडं द्या. दिवसातून सात-आठ वेळा हे झालं की दोन-तीन दिवसांत काही जण स्वतः बोट ठेवू लागतात. विचारताना एकाच गोष्टीचं विचारा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजून थांबा. आपण तिसऱ्या सेकंदाला पुढचा प्रश्न टाकतो आणि तिचं जुळत आलेलं उत्तर मोडतं.

चश्मा आणि कानाचं मशीन घरून आणा. 'हॉस्पिटलात हरवेल' म्हणून ते कपाटात ठेवलेले असतात आणि इकडे आईला फोटोही दिसत नाही, हाकही ऐकू येत नाही.

वाचा-उपचारतज्ज्ञ वॉर्डात नसेल तर मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पुढे वाचाघात कायम राहिला तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तो वाचा व भाषा दिव्यांगत्वात मोडतो. प्रमाणपत्राचं तेव्हा बघा, आत्ता घाई नाही.

प्रश्न : बाबांना 'पाणी' म्हणता येत नाही, पण भजन लागलं की अख्खं कडवं म्हणतात. ते मुद्दाम बोलत नाहीत का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. पाठ झालेलं भजन, एक ते दहा अंक, रागाच्या भरातली शिवी हे सगळं मेंदूत निराळ्या वाटेने येतं आणि वाचाघातातही बरेचदा शाबूत राहतं. स्वतः शब्द शोधून 'पाणी द्या' म्हणणं हे वेगळं काम आहे. ते मोडलंय. 'मुद्दाम करतात' असा समज झाला की आपण त्यांच्या खुणांकडे पाहणं सोडतो. भजन म्हणणारा माणूस बेल वापरू शकेल, असंही गृहीत धरू नका.

प्रश्न : पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर बसवताना दोनदा तोल गेला. योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फिजिओथेरपिस्टकडून एकदा हाताला हात लावून शिकून घ्या. तोवर हे लक्षात ठेवा. खुर्ची धडक्या बाजूला, पलंगाशी तिरपी आणि चिकटून, ब्रेक लावलेली. लुंगी किंवा गाऊन घोट्याच्या वर खोचा, लुंगी पायात अडकून बरेच जण पडतात. पायात मोजे किंवा सपाता नकोत, मागे पट्टा असलेली रबरी तळाची चप्पल हवी. त्यांना पलंगाच्या कडेला बसवून दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा आणि दोन मिनिटं तसंच बसू द्या. तुम्ही लुळ्या बाजूला उभे राहा आणि तुमच्या गुडघ्याने त्यांचा लुळा गुडघा समोरून अडवा. आधार कमरेला द्या. लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो.

शब्द ठरलेले ठेवा. तुम्ही "चला उठा", भाऊ "हं, आता", मावशी "हळूहळू या बरं का" असं म्हणत राहिलात तर समजायला जड जाणारा माणूस अर्ध्यातच उठतो आणि तिथेच तोल जातो. तिघांनीही "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि तीनला उठवायचं. आकड्यांची लय बहुतेकांना पोचते.

प्रश्न : सासूबाईंची डावी बाजू गेली आहे. बोलणं स्पष्ट. 'मला काही झालं नाही, मी चालते' म्हणतात आणि उठतात. दोनदा पडल्या. समजावून थकलो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बोलता येतं म्हणून संवाद नीट आहे, असा सगळ्यांचा समज होतो आणि अशा रुग्णांकडे लक्ष कमी राहतं. उजव्या मेंदूला मार बसला की कधी कधी आपला हात-पाय लुळा आहे हेच माणसाला कळत नाही. जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये याचं वर्णन केलं. हा हट्ट नव्हे, म्हणून समजावून तो जातही नाही. त्याच्या जोडीला डाव्या बाजूच्या जगाकडे दुर्लक्ष होतं. सासूबाईंचं जेवल्यानंतरचं ताट पाहा : उजवीकडची भाजी-आमटी संपलेली, डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. तसंच व्हीलचेअरचा उजवा ब्रेक त्या लावतात आणि डावा तसाच राहतो. डावा पाय पायपट्टीवरून खाली घसरलेला असतो आणि खुर्ची पुढे जाते.

त्यांना "जमेल का?" असं विचारूच नका, उत्तर नेहमी 'हो' येणार. "करून दाखवा" म्हणा आणि शेजारी उभे राहा. डाव्या ब्रेकच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि दर वेळी "लाल कुठंय?" असं विचारून मान डावीकडे वळवायला लावा. बेल, पाणी, चष्मा मात्र उजवीकडे. वॉर्डात सांगून ठेवा, "या बोलतात, पण मदत मागणार नाहीत," आणि दोन तासांच्या फेरीत त्यांचं नाव घालून घ्या.

प्रश्न : पडू नयेत म्हणून रात्री काकांचा चांगला हात पलंगाला बांधला होता. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आम्हाला मान्य नाही. वाचा गेलेल्या माणसाचा तो एकच हात बोलण्यासाठी उरलेला असतो. बेल, तक्ता, खूण सगळं त्याच हाताने. तो बांधला की मागायची शेवटची सोय जाते. बांधलेला माणूस जास्त झटापट करतो, कातडी सोलवटते, पायात गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात. पडणंही थांबत नाही.

तळमळ कशामुळे आहे ते आधी शोधा. लघवीची नळी वळली किंवा तुंबली आहे का? पिशवीत दोन तासांत काहीच आलं नसेल आणि ओटीपोट टणक लागत असेल तर सिस्टरांना लगेच बोलवा. नळी नसेल तर लघवी अडकलीय का? तीन दिवस शौचाला झालंय का? नाकातली नळी ओढतात म्हणून हात बांधला असेल तर जाड हातमोजा घालता येतो का, विचारा. बांधण्यावाचून गत्यंतर नाही असं डॉक्टरांनी ठरवलं तर लेखी ऑर्डर हवी, मुदत हवी, आणि दर दोन तासांनी सोडून हात पाहिला पाहिजे.

आता ज्यांच्या घरचं माणूस पडलं आहे अशा सर्वांसाठी, कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसली : घाईने उचलू नका. काखेत हात घालून ओढलं की निखळलेला खांदा आणि मोडलेलं खुब्याचं हाड दोन्ही बिघडतं. जमिनीवरच असू द्या, डोक्याखाली घडी घाला, सिस्टरांना हाक मारा. एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुबा मोडल्याची शंका घ्या. पक्षाघातानंतर लुळ्या बाजूचाच खुबा जास्त मोडतो. दुखतं का हे ते सांगणार नाहीत, म्हणून हात लावताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. साखर तपासायला सांगा. ७० च्या खाली असेल तर पडण्याचं कारण तेही असू शकतं.

डोक्याला लागलं असेल, किंवा पडताना कोणीच पाहिलं नसेल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव डॉक्टरांना लगेच सांगा : अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अपिक्साबॅन, जी असेल ती. सीटी स्कॅनचा निर्णय त्यावर फिरतो. पुढे साधारण दोन तास दर अर्ध्या तासाने, मग चार तास दर तासाने आणि नंतर दर दोन तासांनी शुद्धी तपासतात. त्या तपासणीतल्या १५ पैकी ५ गुण बोलण्याचे असतात. वाचाघातात ते आधीच कमी, त्यामुळे नवी घसरण तिथे दिसत नाही. डोळे उघडणं आणि धडक्या हाताची ताकद कालच्याशी ताडून पाहा. झोपाळूपणा वाढला, उलटी झाली, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, किंवा ते सारखं डोकं धरू लागले, तर सकाळच्या राऊंडची वाट पाहू नका.

ते सावरले की तक्ता समोर धरा आणि कशासाठी उठला होतात ते विचारा. बोट पडलं नाही तरी खुणा असतात : ओली लुंगी, बाथरूमच्या दिशेला गेलेली एक चप्पल, हात न पोचणाऱ्या टेबलावरचा तांब्या. 'पेशंट सूचना पाळत नाही' या शेऱ्याऐवजी हेच वेळेसकट नोंदवहीत लिहायला सांगा. आणि दुसऱ्या रात्री त्या वेळेच्या अर्धा तास आधी तुम्हीच त्यांना उठवा.